तटस्थ रंगाची टोपी

“केशरी नको,” बावडेकर म्हणाले. “लोक वेगळा अर्थ काढतील.”

“मग निळी घ्या,” कुणीतरी म्हणालं.

“निळ्याचाही निघतो.”

“पिवळी?”

“पिवळ्याचासुद्धा काढतात. तुम्हाला कल्पना नाही.”

मग मागून कुणीतरी हिरवी म्हणालं आणि सगळ्यांनी एकदम शिकलगारांकडं बघितलं. शिकलगार बिचारे एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, तलावाच्या पायरीवर बसून कानातलं पाणी झटकत होते. ते दचकून म्हणाले, “मी नाही हो सुचवलं. मला कुठलीही चालेल.”

हे सगळं रामायण पोहायच्या टोपीवरून चाललं होतं. कृष्णाकाठच्या आमच्या गावात नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. तिथं रोज सकाळी पोहणाऱ्या पंधरावीस जणांचं आमचं मंडळ, बहुतेक सगळे पन्नाशी ओलांडलेले. मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून संक्रांतीनंतर कोकणात जाऊन समुद्रात पोहायचं ठरलं, आणि त्यासाठी सगळ्यांना एकसारखी टोपी हवी असं बावडेकरांनी काढलं. बावडेकर आमचे चिटणीस. उन्हाळ्यात नगरपालिकेची निवडणूक होती. निवडून कुणीही येवो, सकाळचा तलाव मंडळाला मिळाला पाहिजे, त्यामुळं कुणाचाही रंग डोक्यावर घेणं परवडणारं नव्हतं. समुद्रातल्या माशांनी मंडळाची राजकीय भूमिका कुठं जाऊन सांगितली असती, ते बावडेकरच जाणोत.

मी म्हटलं, “पण समुद्रात टोपी दिसायला पाहिजे ना? ठळक रंग नको का?”

बावडेकरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “सुलक्षणाताई, आपण रंगावर बोलतोय. दिसण्याचा विषय आज घेतलेला नाही.”

शेवटी अध्यक्ष बोलले. मगदूमसाहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आवाज खर्जातला, आणि बोलायच्या आधी दोन्ही बाजूंना बघून घ्यायची सवय. ते म्हणाले, “राखाडी घ्या. राखाडी तटस्थ आहे.”

टाळ्या पडल्या. राखाडी रंगाला त्याआधी आणि त्यानंतर कुणी टाळ्या वाजवल्याचं मी ऐकलं नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे इंदूताई तगारे, शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “घट्ट नको बाई. माझं डोकं चढतं.”

सासूबाई तेव्हा पासष्टीच्या पुढच्या. लहानपणी विहिरीत उडी मारून पोहायला शिकलेल्या. आमच्या मंडळातले पुरुष पाण्यात जितका आवाज करायचे तितक्या त्या पुढं निघून जायच्या. पोहण्याबद्दल मला त्यांचं कौतुकच होतं. भांडण होतं ते मेंदीवरून.

दर पंधरवड्याला एक रविवार त्या लोखंडी कढईत मेंदी भिजवायच्या आणि डोकं थापून अख्खी दुपार घरभर फिरायच्या. केस निघायचे ते अगदी पेटल्यासारखे केशरी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं, ज्याचं डोकं त्याचं. पण माझ्या बाथरूमची फरशी, बादलीची कडी, नळाची चावी, पंचे, उशीचे अभ्रे, सगळ्यांवर त्या मेंदीचे डाग. पाहुण्यांना वाटायचं, घरात कुणीतरी पान खाऊन थुंकतंय. मी एकदा चांगल्या कंपनीचा काळा रंग आणून त्यांच्या कपाटात ठेवला. महिन्याभरानं तो तसाच्या तसा माझ्या कपाटात आला. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. आमच्या घरात मोठी भांडणं अशीच व्हायची, वस्तू इकडून तिकडं ठेवून.

कोकणात निघायच्या आदल्या रविवारीसुद्धा त्यांनी मेंदी लावली. मी म्हटलं, “आई, आता परवा खाऱ्या पाण्यात जायचंय, कशाला उगाच?”

“समुद्रापुढं जायचं तर नीट जावं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या नव्या पंच्याला हात पुसले.

आम्ही उतरलो ते भाटकोंड नावाच्या लहानशा किनाऱ्यावर. एका बाजूला खाडीचं तोंड, दुसऱ्या बाजूला पाण्यात शिरलेला काळा खडक. किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन खडकापर्यंत पोहायचं आणि परत यायचं, असा बेत. किनाऱ्यावर पाण्यातल्या खेळांची दुकानं होती, ती पाण्यावर पळणारी स्कूटर, लांबट फुगा, सगळं. पण ते लोक उशिरा उठणारे. आम्ही त्यांच्या आधी पोहून बाहेर यायचं ठरलं होतं, आणि भरती पुरती भरायच्या आत, म्हणजे पाणी आत ओढायला लागायच्या आधी. बेत उत्तम होता. फक्त बावडेकर त्यात होते.

आधी नारळ. मग फलक. फलक वाऱ्यानं उलटा झाला म्हणून पुन्हा. मग मगदूमसाहेबांचं भाषण, त्यात पाण्याचं महत्त्व, पाटबंधारे खात्याचा इतिहास आणि निसर्गापुढं माणूस किती लहान हे सगळं आलं. मग बावडेकरांनी सगळ्यांना ओळीत उभं करून बादलीनं अंघोळ करायला लावली. तलावाच्या नियमात आहे ना, पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ सक्तीची. समुद्र घाण होऊ नये म्हणून आमच्या मंडळानं आधी गोड्या पाण्यानं अंग धुतलं. मासेमारी करून परतलेली माणसं होड्यांवर बसून हे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मी पाण्यात उतरणार नव्हते. कान फुटला होता आणि डॉक्टरांनी बंदी घातली होती. म्हणून मला होडीत बसवलं. इंजिनाची लहान होडी, चालवणारा संदेश म्हणून एक गृहस्थ. माझं काम डोकी मोजायचं. होडीत केशरी रंगाची जीवरक्षक जाकिटं होती, ती बावडेकरांनी फोटोत येऊ नयेत म्हणून ताडपत्रीखाली लोटली होती. पोहताना मागं बांधून ओढायचा एक फुगा मिळतो, तोही केशरीच. तो तर कुणी बांधलाच नाही. मगदूमसाहेब म्हणाले, “आपण काय शिकाऊ आहोत?”

सासूबाईंनी ते पेटलेले केस गोळा करून राखाडी टोपीत कोंबले. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, निदान फोटोत तरी झाकले गेले.

सगळे पाण्यात शिरले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि वारा सुटला होता. सुरुवातीला ठीक होतं. सगळे एकत्र होते, हातपाय मारत होते, मी मोजत होते. मग लाटा लहान लहान उठायला लागल्या, अशा लहान की किनाऱ्यावरून त्या लाटा वाटणारही नाहीत. आणि माझ्या डोळ्यांदेखत मंडळ नाहीसं झालं.

खोटं सांगत नाही. वाऱ्यानं समुद्राचा वरचा थर कसा राखाडी होतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बघावं तिकडं तटस्थ. मोजलं तर डोकी कमी भरायची. पुन्हा मोजलं तर जास्त भरायची, कारण त्यात जाळं तरंगतं ठेवणारी दोन भोपळ्यासारखी बोयरी आणि पाण्यावर बसलेला एक पक्षी पण यायचा. मग तो पक्षी उडाला. मला वाटलं, एक गेला.

“दिसतायत ना सगळे?” संदेशनं विचारलं. त्याचं सगळं लक्ष इंजिनाकडं होतं, ते मधूनच खोकत होतं.

“तुम्हाला दिसतायत का?”

त्यानं हात डोळ्यांवर धरून बघितलं. “असतील की,” तो म्हणाला.

खडकाजवळून ते वळले असावेत. असावेत म्हणते, कारण मला फक्त मधेमधे एखादा हात वर आलेला दिसायचा. बऱ्याच वेळानं एकेक जण किनाऱ्याला लागायला लागला. वाळूवर उभे राहिले की मात्र लगेच दिसायचे. पोट दिसायचं आधी. बावडेकर सगळ्यांत पहिले बाहेर आले होते आणि हजेरी घेत होते. त्यांचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता. मग त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले.

“अध्यक्ष!” एवढं ऐकू आलं. मग, “इंदूताई!”

मी उभी राहिले. होडी हलली तशी पुन्हा बसले. पाणी आता चक्क उलटं वाहत होतं. भाषण सुरू झालं तेव्हा भरती होती आणि आता खाडीच्या तोंडातून ओहोटी सगळं ओढून आत समुद्राकडं नेत होती. तेवढ्यात किनाऱ्यावर पहिली स्कूटर सुरू झाली. कुणीतरी हौशी जोडपं तिच्यावर बसलं आणि ती आमच्या आणि खडकाच्या मधून सुसाट गेली. पाण्याचा फवारा, किंकाळ्या, हसणं. त्यांना तरी खाली कुणाचं डोकं आहे हे कसं दिसणार होतं?

“आत घ्या होडी,” मी संदेशला म्हटलं. “समुद्राकडं घ्या.”

“कुठल्या बाजूला?”

हाच प्रश्न होता. मी डावीकडून उजवीकडं बघत गेले, पुन्हा उजवीकडून डावीकडं. नुसतं पाणी. मला भीती वाटली. माणसाला अशा वेळी काय काय आठवेल याचा नेम नाही. मला आठवलं की सकाळी चहाला साखर कमी म्हणून त्या कुरकुरल्या होत्या आणि मी डबा त्यांच्यापुढं आपटला होता. घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं हाही विचार आला, पण तो नंतर. आधी मला ती बाई हवी होती. साखरेला नावं ठेवणारी, पंचे खराब करणारी, तीच ती.

स्कूटर वळून पुन्हा आली. मी पदर सोडून हलवला, ओरडले. जोडप्यानं मला हात हलवून टाटा केला.

आणि तेव्हा दिसलं. खाडीच्या तोंडाच्या पलीकडं, मी बघत होते त्याच्या कितीतरी आत, एक केशरी ठिपका. बोयरं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो रंग मला पाठ होता. उशीच्या अभ्र्यावर, बादलीच्या कडीवर, नळाच्या चावीवर मी तो घासला होता, ब्रश घेऊन, सोडा घालून, आणि तो कधी गेला नव्हता.

“तिकडं,” मी म्हटलं. “त्या आई आहेत.”

“कशावरून?”

“मी सांगते ना. चला.”

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई उताण्या तरंगत होत्या. केस मोकळे, पाण्यावर पसरलेले, उन्हात नुसते पेटलेले. डाव्या हातानं त्यांनी मगदूमसाहेबांची हनुवटी वर धरली होती. साहेबांच्या पिंढरीत गोळा आला होता आणि त्यांनी घाबरून भरपूर समुद्र पिऊन घेतला होता. डोक्यावर टोपी मात्र जागच्या जागी. हाताच्या अंतरावर आलो तरी ते डोकं मला पाण्यातून वेगळं काढता येत नव्हतं.

मी ताडपत्री ओढून जाकीट फेकलं. आधी साहेबांना वर घेतलं, ते होडीत पडल्या पडल्या ओकले. मग सासूबाईंना. त्या आत आल्या, केस पिळले, आणि होडीच्या फळीवर केशरी थेंब पडले.

“आई,” मी म्हटलं.

“किती वेळ गं,” त्या म्हणाल्या. दात वाजत होते. “दोनदा माझ्यावरून नजर फिरवलीस आणि गेलीस पुढं.”

मी त्यांना पंच्यात गुंडाळलं आणि किनारा येईपर्यंत धरून बसले. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती, मी त्यांना कधी असं धरलं नव्हतं. वळवळल्या थोड्या, पण बसल्या.

परत गावी आल्यावर आठवड्यानं मंडळाची बैठक झाली. मला वाटलं सत्कार असेल. मी चांगली साडी नेसून गेले, सासूबाईंनाही नेसवली. शाल आणि नारळ कुठं ठेवलाय म्हणून मी उगाच खोलीत इकडंतिकडं बघत होते.

बावडेकर उभे राहिले. “सहल एकंदरीत यशस्वी झाली,” ते म्हणाले. “एक गोष्ट मात्र नोंदवणं भाग आहे. पाण्यात टोपी काढायची नाही असा आपला नियम आहे. एका सदस्यानं तो मोडला. टोपी मंडळाची होती, ती समुद्रात गेली. तेही सोडून देऊ. पण किनाऱ्यावर कुणीतरी फोटो काढले, ते गावभर फिरतायत. काल एका नगरसेवकांचा मला फोन आला. तुमच्या मंडळात केशरी डोकं कुणाचं, म्हणून विचारत होते. मी काय उत्तर देऊ?”

खोलीत कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण ते अर्ध्यावर विरलं, कारण बाकीचे खरोखरच गंभीर होते. एकजण म्हणाला, निवडणुकीपर्यंत तरी इंदूताईंनी मेंदी लावू नये. दुसरा म्हणाला, मेंदीचा रंग केशरीच धरायचा की लाल, हे आधी ठरवा. शिकलगार एकटेच म्हणाले, “अहो, बाईनं माणूस वाचवला,” पण ते इतक्या हळू म्हणाले की बावडेकरांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

मी मगदूमसाहेबांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. साहेब खुर्चीत बसले होते, गळ्याला मफलर, समुद्राच्या पाण्यानं घसा अजून बसलेला. त्यांनी सवयीप्रमाणं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. समोर सासूबाई बसल्या होत्या, तिकडं बघितलं नाही.

“अध्यक्ष या नात्यानं,” ते म्हणाले, “मला यात तटस्थ राहावं लागेल.”

माझ्या अंगाची लाही झाली. मी उठणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि त्या स्वतः उठल्या.

“माझं चुकलंच, साहेब,” त्या म्हणाल्या. “तटस्थ राहायचं मला त्या दिवशी पाण्यात सुचलं नाही.”

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घालून बाहेर पडल्या. मी मागोमाग निघाले. बावडेकर मागून म्हणाले, “सुलक्षणाताई, हा राजीनामा समजायचा का?” मी म्हटलं, “तुम्हाला जे समजेल ते समजा. आजवर काय समजलंय तुम्हाला.”

ते मंडळ अजून आहे. टोप्या अजून राखाडीच आहेत. समुद्रावर मात्र पुन्हा गेले नाहीत. समुद्र सुरक्षित नाही, असा एकमतानं ठराव झाला म्हणे. निवडणुकीनंतर जे निवडून आले त्यांनी तलाव दुरुस्तीसाठी काढला तो तीन वर्षं कोरडाच होता, ही आणखी वेगळी गंमत.

त्या दिवशी आम्ही नदीकडच्या रस्त्यानं चालत घरी निघालो. मला एक गोष्ट आठवडाभर विचारायची होती.

“आई, टोपी मुद्दाम काढलीत?”

“नाहीतर काय, वाऱ्यानं उडाली?”

“तुम्हाला कसं सुचलं?”

त्या थांबल्या. दम लागला होता त्यांना, तो राग होता की चालणं, कोण जाणे. “तू होडीत होतीस ना, मला चांगली दिसत होतीस,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडं बघायचीस, आणि दिसतंय म्हणावं तर नाही. ओरडावं तर मगदूम गळ्यात पडलेला. हात वर करावा तर तो बुडायचा. मग म्हटलं, हिला टोपी काही दिसत नाही. पण माझी मेंदी हिच्या डोळ्यात खुपते. घरात पंधरा वर्षं खुपतेय. एवढ्या लांबूनसुद्धा खुपेल.”

त्या पुन्हा चालायला लागल्या. मी दोन पावलं मागंच राहिले, कारण मला नाक पुसायचं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी त्या लोखंडी कढई घेऊन बाथरूममध्ये बसल्या. दार उघडंच होतं. मी काही वेळ बाहेर उभी राहिले, मग आत गेले आणि त्यांच्यापुढची कढई ओढून घेतली.

“द्या इकडं,” मी म्हटलं. “मागं तुमचा हात पोचत नाही, नीट बसत नाही ती.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडं संशयानं बघितलं. मग सरळ बसल्या. मी मानेपासून सुरुवात केली, भरपूर थापली. उठताना ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तोल सावरायला मी भिंतीला हात टेकला. पांढऱ्या भिंतीवर माझा अख्खा पंजा उठला, पाची बोटांसकट.

संध्याकाळी ह्यांनी तो बघितला. “हे काय आता? सोडा कुठाय, लगेच पुसलं तर निघेल.”

“राहू दे,” मी म्हटलं. “लांबून दिसतं.”